मुका मार ओळखणाऱ्या डॉक्टरीणबाई

मेहरुन्निसाबाई परकारांबरोबर भाजी आणायला जाणं ही एक शिक्षा होती. बहारीनला, सनाबिस भागात, आमच्या बिल्डिंगखाली एका मल्याळी माणसाचं भाजीचं दुकान आहे. बाकीची माणसं तिथे जातात, टोमॅटो पिशवीत टाकतात आणि घरी येतात. बाई प्रत्येक टोमॅटो हातात घ्यायच्या, त्याच्यावरून अंगठा फिरवायच्या, ट्यूबलाइटकडे धरायच्या आणि दुकानदाराला सांगायच्या, "ये आज नहीं गिरा. परसों गिरा, पेटी के साथ." दुकानदार मान डोलवायचा. मी मागे पिशव्या धरून उभा. एकदा त्यांनी हापूसची अख्खी पेटी उघडून एकेका आंब्याची चौकशी केली. हा झाडावरून पडलेला, हा टेम्पोत आपटलेला, हा इथेच कुणीतरी दाबून बघितलेला. एवढं झाल्यावर ही बाई आता पेटी नाकारणार असं मला वाटलं, तर त्यांनी ती घेतली. म्हणाल्या, "मार लागला म्हणून आंबा वाईट झाला काय जगतापभाऊ? तेवढा काढायचा न् उरलेला खायचा."

मार ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. बहारीनमधल्या ज्या कत्तलखान्यात मी नोकरी करतो तिथे त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. आफ्रिकेतून बोटीने गुरं येतात, बंदरावरून ट्रकने आमच्याकडे येतात, एक रात्र गोठ्यात विसावा घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कापली जातात. कापायच्या आधी प्रत्येक जनावर बघायचं आणि कापल्यावर सोललेलं धड पुन्हा बघायचं, हे बाईंचं काम. जिवंतपणी जनावराला काठी, दांडा, दुसऱ्याचं शिंग, ट्रकची फळी असं काहीही लागलं, तर वरून कातडीवर काहीच दिसत नाही. कातडी काढली की आत रक्त साकळलेलं दिसतं. हा मुका मार. तेवढं मांस छाटून फेकून द्यावं लागतं आणि छाटलेलं धड जुफैरच्या हॉटेलवाल्यांना नको असतं. त्यामुळे आमच्याकडे मुका मार हा शब्द निघाला की मॅनेजरचं डोकं फिरायचं.

आता मी, पुण्याचा जगताप, गुराढोरांच्या कत्तलखान्यात काय करतो, हे विचारायच्या आधीच सांगून टाकतो. मी शीतगृह सांभाळतो. कॉम्प्रेसर, चिलर, पंप, गेट, जे जे बिघडतं ते माझं. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर मी "कोल्ड स्टोरेजमध्ये आहे" म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेकडे सरकतो. माझी बायको वर्षा सुरुवातीला माझे बूट दाराच्या आत येऊ देत नसे. बाईंना हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग एका शुक्रवारी त्याच सांदणं घेऊन आमच्या दारात आल्या, आपल्या चपला माझ्या बुटांशेजारी बाहेर काढल्या आणि वर्षाला म्हणाल्या, "मी बी तिथलीच हाय. मना आत घेणार काय?" वर्षा ओशाळली आणि त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली. माझे बूट मात्र अजून बाहेरच असतात.

बाई श्रीवर्धनकडच्या. बुटक्या, रुंद, डोक्याला घट्ट बांधलेला सुती रुमाल, वर पांढरा कोट आणि पायात गुडघ्यापर्यंत पांढरे गमबूट. मियाँ गेल्यावर एकट्याच राहत होत्या. याहून जास्त चरित्र मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मुंबईत शिकल्या होत्या, त्यामुळे रिपोर्ट अगदी साहेबी इंग्रजीत लिहायच्या; पण मराठी माणूस दिसला की थेट गावाकडची बोली. कामगार त्यांना अरबीत "दुक्तूरा" म्हणत आणि "नाही" म्हणायचं तर "मफी"; तो "मफी" बाईंनीही उचलला होता. बाईंनी गोठ्याच्या आवारात "यल्ला" म्हणायला बंदी केली होती. आखातात "यल्ला", म्हणजे "चला, आटपा", म्हटल्याशिवाय माणूस दरवाजासुद्धा उघडत नाही. पण कुणी ओरडलं की बाई वळून त्याच्याकडे नुसतं बघत राहायच्या. शेवटी गोठ्यातली माणसं देवळात आल्यासारखी कुजबुजायला लागली. एकदा एक ट्रक ड्रायव्हर बाहेरून "यल्ला, यल्ला" करत आत आला, तर चारी बाजूंनी सगळ्यांनी त्याला "शूऽऽ" केलं. ट्रकमधल्या बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, उद्या पहाटे कापायचीच आहेत, मग एवढे लाड कशाला?" हा प्रश्न कुणीही विचारेल, मी काही फार मोठं पाप केलं नाही. पण बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मरण तर आपण देणारच हाय, जगतापभाऊ. मग त्याचा आदला दिवस तरी बरा जाया नको?" आणि गोठ्याकडे वळल्या. मीही कॉम्प्रेसरकडे निघून गेलो.

त्यांची आणखी एक सवय होती. काही बिघडलं, फुटलं, कुणाला लागलं, की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो, "कुणी केलं?" बाई विचारायच्या, "कवा?" आमची सई तेव्हा चौथीत होती. एकदा मांडीवर हा एवढा काळानिळा डाग घेऊन घरी आली आणि शाळेत एका मुलीने ढकललं म्हणून रडायला लागली. वर्षा त्या मुलीच्या आईला फोन लावायला निघाली होती. बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी सईला जवळ घेतलं, डाग बघितला आणि विचारलं, "कवा लागला गो?"

"टुडे, आंटी."

"आजचा लाल असता. हा कडेला पिवळा पडाय लागला. चार-पाच दिस झाले याला."

सईने थोडा वेळ भोकाड पसरलं आणि मग सगळं बाहेर आलं. गच्चीवर जायचं नाही असं बजावलेलं असताना ही पोरगी गच्चीवर सायकल चालवायला गेली होती. ढकलणारी मुलगी त्या दिवशी शाळेतच नव्हती. बाई गेल्यावर सई मला म्हणाली, "बाबा, शी इज डेंजरस."

आता मुख्य गोष्ट सांगतो.

तो उन्हाळा लवकर पेटला. दुपारच्या बाहेरच्या कामावर सरकारी बंदी येते, पण तिला अजून अवकाश होता आणि ट्रक दिवसभर येत होते. तेवढ्यात धडांवर मुका मार दिसायला लागला. एखाददुसरा नव्हे, रोज. कमरेच्या हाडाशी, खुब्याशी, तळहाताएवढे लालभडक डाग. मांस छाटून छाटून टोपल्या भरायला लागल्या. आमचे मॅनेजर अबू खलील हे बहारीनी गृहस्थ. माणूस चांगला, पण सतत घाईत. त्यांनी दोन आणि दोन चार केले. ट्रकमधून गुरं उतरवायच्या उतारावर नुकताच जमाल नावाचा माणूस आला होता आणि मार त्यानंतर सुरू झाला होता. म्हणजे जमाल मारतो.

जमाल बांगलादेशचा, चाळिशीतला, काटकुळा. त्याची मुलगी तिकडे नर्सिंगला होती आणि तिचं शिक्षण बापाच्या या नोकरीवर चाललं होतं. अबू खलीलनी त्याला बोलावून सांगितलं की पुढच्या बोटीची गुरं उतरेपर्यंत हे थांबलं नाही तर व्हिसा कॅन्सल, घरी जा. जमाल एवढंच म्हणत राहिला, "मारा नहीं, बाबा. अल्ला कसम, मारा नहीं." त्याच्या हातातली काठी काढून घेतली तरी मार थांबेना. मग लोक म्हणायला लागले, लाथ मारत असेल.

बाईंनी अबू खलीलना विचारलं, "कधीचा मार आहे?"

"दुक्तूरा, कधीचा असला तरी मारच आहे ना?"

पण बाईंना ते पटलं नाही. त्या चार दिवस धडांपुढून हलल्या नाहीत. डाग ताजे होते, म्हणजे बोटीवरचे नव्हते, आमच्या दारातच लागलेले होते. इथपर्यंत ते जमालच्या विरुद्धच जात होतं. पण सकाळी उतरलेली गुरं दुसऱ्या दिवशी स्वच्छ निघायची आणि दुपारी उतरलेल्यांना मार असायचा. जमाल तर दोन्ही वेळा उतारावर असे. "सकाळी ह्याचा हात दुखतो काय?" बाई मला म्हणाल्या.

मग त्यांनी जो उद्योग केला तो फक्त कोकणातली बाईच करू जाणे. गुरं नेमकी कशावर आपटतात ते बघायला त्यांनी उताराला रंग लावायचं ठरवलं. माझ्याकडे ऑइल पेंटचे डबे पडून होते. बाई डाफरल्या, "जे खाण्यात जायचा हाय त्याला रंग बी खाण्यातलाच लागल." दुसऱ्या दिवशी घरून पिशवी घेऊन आल्या. उताराच्या कठड्याच्या वरच्या आडव्या पाइपाला तेलात कालवलेली हळद, गेटच्या कडेला पिठाची खळ आणि खालच्या पाइपाला गावाहून आलेलं कोकमाचं आगळ. हे सगळं लावायला हाताखाली कोण, तर मी. कत्तलखान्याच्या उतारावर कोपरापर्यंत हळदीने माखलेला मी आणि मागून बाईंच्या सूचना, "कोपऱ्यात लावा, कोपऱ्यात." संध्याकाळी घरी गेलो तर वर्षाने हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "कुणाची हळद होती आज?"

दुपारचा ट्रक आला, गुरं उतरली. हळद दोन-तीन जनावरांच्या पाठीला लागली होती, खळ एकाच्या खांद्याला. कोकम कुठेच दिसेना. दिसणार कसं? गुरं सगळी तांबडी आणि तपकिरी. "कोकम फुकट गेलं बाई," मी म्हणालो. बाई तशाच गोठ्यात गेल्या, एका बैलाच्या खुब्यावरचा ओलसर डाग बघत राहिल्या. मी म्हणालो, शेण आहे. बाईंनी खिशातून कापूस काढला, बैलाला चुचकारत तो डाग पुसला आणि कापूस माझ्या नाकासमोर धरला. कापूस गुलाबी झाला होता. आंबट वास येतोय असंही त्या म्हणाल्या. मला आला तो वास आंबट नव्हता, पण मी वाद घातला नाही. पहाटे कातडी निघाल्यावर जिथे कापूस गुलाबी झाला होता, नेमका तिथेच खाली लाल डाग निघाला.

म्हणजे गुरं खालच्या पाइपावर आदळत होती. बाई खुशीत अबू खलीलकडे गेल्या आणि आल्या त्या तोंड पाडून. अबू खलीलचं म्हणणं, पाइपावर आदळतात कारण जमाल मागून हाकलतो. आणि पुढची बोट दोन दिवसांवर आली होती. जमालने बॅग भरायला घेतली आहे असं मला त्याच्या खोलीतल्या एकाने सांगितलं. मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, की या बाईने हे सगळं इतकं जिवाला का लावून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, बाई मला म्हणाल्या, "चला." त्या वेळी बाहेर कुणी नसतं. ऑफिसची माणसं एसीत, ड्रायव्हर केबिनमध्ये एसी लावून. उतारावर एकटा जमाल. ट्रक अजून यायचा होता. बाई उताराच्या तळाशी आल्या, वाकल्या आणि गमबूट काढायला लागल्या.

"बाई, हे काय?"

"गुरांना बूट हायत काय?"

मोजे काढले आणि अनवाणी उतारावर चढल्या. पहिलं पाऊल टाकलं आणि कळवळल्या. सिमेंट तव्यासारखं तापलं होतं. त्या पाय नाचवत तशाच वर चढल्या. वर टोकाशी जमाल पाण्याची नळी घेऊन उभा होता आणि ट्रक यायच्या आधी त्याने पाणी सोडायला सुरुवात केली होती. वरची फरशी ओली होती. बाईंचा पाय तिथे पडला आणि दुसऱ्याच क्षणी त्या घसरल्या, कठड्याच्या पाइपावर कमरेने आदळल्या आणि खाली बसल्या. मी आणि जमाल दोघेही धावलो. जमालचं तोंड पांढरं पडलं होतं. बाई मात्र बसल्या जागी हसत होत्या. पाणी आलेल्या डोळ्यांनी त्या हसत होत्या आणि म्हणत होत्या, "मिळाला! जगतापभाऊ, मिळाला!"

कत्तलखान्यात कुठली फरशी कोरडी असते? आम्ही सगळे रोज ओल्या फरशीवरून चालतो, रबराचे बूट घालून. त्यामुळे उतार ओला आहे हे कुणाच्या डोळ्यांना खुपलंच नाही. बाईंनी जमालला विचारलं, पाणी का टाकतोस? तो म्हणाला, "दुक्तूरा, दोपहर में जमीन जलता है. गाय का पाँव जलता है. पहले वो नाचता था, उतरता नहीं था. मैं पानी डालता, तो ठंडा." सकाळी फरशी गार असे, म्हणून सकाळी तो पाणी टाकत नसे. गुरं घसरताना त्याने बघितली होती, पण बोटीवरून आलेल्या जनावरांचे पाय लटपटतातच, असं त्याला वाटलं होतं.

बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं आणि तो मटकन खाली बसला. इतके दिवस "मारा नहीं" म्हणताना त्याचा आवाज कधी कापला नव्हता. आता तो तोंड झाकून रडायला लागला. "मैंने गिराया? दुक्तूरा, मैंने गिराया?" मला ते बघवेना. बाई त्याच्याशेजारी त्याच ओल्या फरशीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "तूने पानी डाला, क्योंकि तूने उनका पाँव देखा. हम लोगों ने तो वो भी नहीं देखा."

अबू खलीलच्या केबिनमध्ये बाई उभ्याच राहिल्या. ते "बसा, बसा" म्हणत होते आणि बाईंना बसता येत नव्हतं. मार दाखवता येण्यासारख्या जागी नव्हता, म्हणून त्यांनी तो इंग्रजीत सविस्तर वर्णन करून सांगितला. अबू खलील आधी गोंधळले, मग हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, म्हणजे शेवटी दोष त्याचाच. कुणाला न विचारता पाणी टाकलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि ती ओली फरशी मी रोज बघितली. माझं तर कामच बघायचं. त्याला पाठवणार असाल तर मलाही त्याच विमानात बसवा."

मला वाटलं, आता बाईंचीही नोकरी गेली. मग अबू खलीलनी दोन्ही हात वर केले. "खलास, दुक्तूरा, खलास. त्याला राहू दे. उताराला छप्पर घालू, इंशाल्ला."

"इंशाल्ला, पण कधी?"

"या आठवड्यात," अबू खलील म्हणाले. आमच्याकडे "इंशाल्ला"ला आठवडा जोडला गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढचं माझ्या वाट्याला आलं. उतारावर पत्रा घातला, बाजूला सावलीची जाळी लावली, सिमेंटला आडव्या खाचा पाडल्या, खालच्या पाइपाला जुन्या टायरचं रबर गुंडाळलं. बाईंना कुठलीच खाच पसंत पडेना. "खूर मावला पाहिजे," म्हणत त्या मला पुन्हा करायला लावत. मी वैतागलो, बोललो, पण केलं. नव्या बोटीची गुरं त्या उतारावरून उतरली तेव्हा जमाल हातात काहीच न घेता बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे धडं स्वच्छ निघाली. बाईंनी एकेक धड वळवून बघितलं आणि शेवटच्या धडाला थापटल्यासारखं केलं. त्यानंतर मुका मार अगदी गेला असं नाही, अधूनमधून एखादा निघतोच. पण तो निघाला की आता अबू खलीलही पहिल्यांदा "कधीचा?" असं विचारतात.

बाई गेल्या जूनमध्ये कायमच्या गावी गेल्या. व्हॉट्सॲपवर बोललेले निरोप पाठवतात. गावच्या बागायतदाराला आंब्याच्या पेटीत खाली पेंढा किती जाड हवा यावर भाषण देतात म्हणे. वर्षाला नवं आगळ पाठवलंय. जमालची मुलगी ढाक्याला एका इस्पितळात लागली. ती बातमी त्याने आधी बाईंना फोन करून सांगितली आणि मग आम्हाला.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी अबू खलीलनी केक आणला होता. फोटो झाले, डोळे पुसून झाले आणि बाई कुठे दिसेनात. भरदुपार होती. मी बाहेर आलो. बाई उताराच्या मध्यावर, पत्र्याच्या सावलीत अनवाणी उभ्या होत्या. दोन्ही पाय सपाट टेकवून. त्यांचे पांढरे गमबूट जमालच्या हातात होते आणि तो ते छातीशी धरून उभा होता. वरून ट्रकचं फळकूट पडलं. बैल उतरायला लागले आणि बाईंना बघून जरा थबकले. कुणी ओरडलं नाही. बाई अंग चोरून रबर लावलेल्या पाइपाला टेकल्या आणि बैल त्यांच्या बाजूने, एकामागून एक, सावकाश खाली गेले.

"गरम, दुक्तूरा?" जमालने हळूच विचारलं.

बाईंनी पायाकडे बघितलं, पाय तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "मफी गरम."